उतू न गेलेलं दूध

सोमवारपर्यंत मला दोन माणसांना उत्तर द्यायचं होतं. एक आमच्या क्लिनिकचे डॉक्टर. त्यांना बारामतीत शाखा काढायची होती आणि ती मी सांभाळावी असं त्यांच्या मनात होतं. दुसरे बारामतीतल्या एका फ्लॅटचे मालक. आत्याच्या शब्दाखातर त्यांनी फ्लॅटची किल्ली चार दिवस आमच्याकडे ठेवली होती. दोघेही सज्जन. दोघांनीही 'सावकाश सांगा' म्हटलं होतं, आणि दोघांनीही पुढे सोमवार जोडला होता.

मी लोकांचे कान तपासते. सतरा वर्षं पुण्यात हेच करते आहे. काचेच्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटन द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. गंमत अशी, की मी आवाज सोडलेलाच नसतो तेव्हाही कित्येक जण बटन दाबतात. खोटं बोलत नसतात बिचारे. ऐकू यावं असं इतकं वाटत असतं, की आल्यासारखं होतं. त्या महिन्यात माझं तेच चाललं होतं. सकाळी वाटायचं, जावं, आतूनच आवाज येतोय. दुपारी वाटायचं, कसला आवाज, मीच आपलं बटन दाबून मोकळी झाले.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "तू म्हणशील तसं." त्याचं काम कॉम्प्युटरवरचं, वीज आणि इंटरनेट असलं की तो कुठंही बसतो. माझ्या मैत्रिणींना वाटतं, किती समजूतदार नवरा आहे. मला त्या वाक्यानं डोक्यात तिडीक जाते. भांडायला समोर कुणीतरी विरुद्ध बाजूचं लागतं. हा माणूस दोन्ही बाजूंना बसून चहा पितो. मुलगी नववीत. तिची अट एकच, स्वतंत्र खोली आणि दाराला आतून कडी. ती दोन्ही गावांत मिळण्यासारखी होती, म्हणजे तिचीही मदत शून्य.

बाकीच्यांनी मात्र न विचारता मतं दिली. क्लिनिकमधली सहकारी म्हणाली, "बारामती काय आता गाव राहिलंय का? रस्ते बघ तिथले." खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "एकदा पुणं सोडलं की परत नाही हो घर होत इथं." आणि कळसला, म्हणजे माझ्या माहेरी, चुलत्यांनी विचारलं, "पुन्यात हाय काय असं? निस्ती गर्दी." मी प्रत्येकाला 'खरंय' म्हणत होते आणि प्रत्येक वेळी ते मला खरंच वाटत होतं.

या सगळ्यात 'लहान शहर' हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नव्हता. बारामती लहान? मी सोळा वर्षांची असताना कळसहून एसटीचा पास काढून बारामतीला अकरावी सायन्सला जायला लागले. पहिल्या दिवशी स्टँडवर उतरले आणि इतके फलाट, इतकी माणसं बघून परत त्याच गाडीत बसले. कंडक्टर म्हणाला, "का गं, काय ऱ्हायलं?" मी म्हटलं, "डबा." डबा हातातच होता. दुसऱ्या दिवशी आबा स्वतः सोबत आले. भिगवण चौकापर्यंत चालत नेऊन त्यांनी मला रस्ता दाखवला आणि म्हणाले, "हरवलीस तर कुणालाबी ईचार. पण हरवायचं न्हाय." जगातलं सगळ्यात मोठं शहर मी त्यांचं बोट न धरता, पण त्यांच्या मागं मागं पाहिलं. पुढे पुण्याला आले, शिकले, लग्न केलं, आणि ते शहर पाठीमागे कधी लहान झालं ते मला कळलं नाही.

आबा माझे वडील. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी एकुलती. कळसला त्यांची डाळिंबाची बाग आहे, दोन गडीमाणसं बागेला आहेत, शेजारी चुलत्यांची घरं आहेत. आई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याला आणलं. नवव्या दिवशी सकाळी ते पिशवी भरून दाराशी उभे. "पानी बघाया पायजे बागंचं," म्हणाले. त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. स्वयंपाक करायला चुलतभावाची बायको येते. आबा स्वतः एकच गोष्ट करायला शिकले, दही लावायला. आईच्या हातचं दही घट्ट असायचं, ते बिघडलेलं त्यांना चालेना. दुधात करंगळी बुडवून ते ऊब बघतात, विरजण घालतात, पातेल्याभोवती टॉवेल गुंडाळतात आणि कोपऱ्यात ठेवतात. दही लावलं की मग कुणी पातेल्याला हात लावलेला त्यांना खपत नाही.

डिसेंबरात मी दोन दिवस कळसला गेले होते. डाळिंबाचा तोडा, म्हणजे काढणी, चालू होती. आबा शेडमध्ये पोत्यावर बसून माल निवडत होते. पिकलेलं डाळिंब बोटानं टिचकी मारल्यावर वेगळं वाजतं, थोडं पत्र्यासारखं. कच्चं बद्द वाजतं. लहानपणी मला वाटायचं हा आबांचा खेळ आहे. त्या दिवशी मी शेजारी बसले आणि पाहिलं, की ते एकाही फळाकडे बघत नाहीत. हातात घ्यायचं, तोलायचं, टिचकी, कान तिरका, आणि क्रेटमध्ये. वाजण्यात चूक नव्हती. पण ज्या फळांना उन्हाचे काळे चट्टे पडले होते, तीही लालभडक फळांच्या क्रेटमध्ये जात होती. चट्टा वाजत नाही. मी हळूच चट्ट्याची फळं उचलून बाजूला ठेवायला लागले. आठ-दहा झाली असतील.

"किती काढलीस?" आबांनी विचारलं.

"कसली?"

"क्रेटमदली. मला ऐकू येतंय की."

मी म्हटलं, "आबा, तुमाला दिसत न्हाय ना?"

"दिसतंय. समोरचं दिसतंय. कडंचं जरा कमी हाय."

इंदापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची. रोज दोन वेळा थेंब, न चुकता. आबांनी डॉक्टरांना विचारलं, "कान बरं हायत का?" डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. कान मीच घरी तपासले होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी इतके चांगले कान मी फार पाहिलेले नाहीत.

तेव्हापासून मी दिवसातून दोनदा फोन करते. "थेंब टाकले का?" "टाकलं." टाकले की डोळ्याशेजारी गालावर टाकले, ते मला पुण्यात बसून कसं कळणार. तर प्रश्न हा होता. बारामतीला राहिले तर अर्ध्यापाऊण तासात कळस. आबांनी 'ये' असं एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणाले असते तर मी कदाचित चिडून 'नाही' म्हटलं असतं आणि प्रश्न मिटला असता. त्यांनी फक्त "तुमचं बघा" म्हटलं होतं. हे नवऱ्याच्या 'तू म्हणशील तसं'चं सख्खं भावंडच.

आणि दुसऱ्या बाजूला काय होतं, तेही सांगून टाकते, कारण ते सांगायची लाज वाटते. मला पुण्यात कुणी ओळखत नाही, हे मला मनापासून आवडतं. अकरा वर्षं राहतो त्या इमारतीत शेजारणीला माझं माहेर माहीत नाही. मी कधी घरी येते, काय घालते, कुणाशी बोलते, कुणाच्या खिजगणतीत नाही. कळसहून मी निघाले ती शिकायला निघाले हे खरं, पण 'अमक्याची पोरगी' या नावातून सुटायलाही निघाले. बारामतीला गेले की ते नाव वाट बघत उभं असणार. वडिलांच्या डोळ्यांच्या दुखण्यापुढं हे कारण अगदी फालतू आहे, हे मला कळतं. कळूनही ते जात नव्हतं.

शनिवारी आम्ही फ्लॅट बघायला निघालो. सोलापूर हायवेनं भिगवण, तिथून कळसला जाऊन आबांना घ्यायचं, मग भवानीनगरला आत्याला, आणि बारामती. भिगवणला चहाला थांबलो. फेब्रुवारी असल्यामुळे पुण्याची माणसं दुर्बिणी आणि हातभर लांब कॅमेरे घेऊन रोहित पक्षी बघायला आली होती. टपरीवाल्याशी मी दोन वाक्यं बोलले, तर मुलगी वडिलांना म्हणाली, "बाबा, आईचं 'न्हाय' सुरू झालं. आलं कळस." मी तिला म्हटलं, गप गं. पण तिचं बरोबर होतं. तिथं आल्यावर माझी जीभ माझं ऐकत नाही.

आबा पांढरीशुभ्र टोपी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यावर बसले होते. फ्लॅट बघायला जाताना इस्त्रीची टोपी कशाला, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. भवानीनगरला आत्या गाडीत बसली ती मांडीवर भलीमोठी पिशवी घेऊन. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. तिचे यजमान साखर कारखान्यात होते. ते गेले, पण कारखान्यातली ओळखपाळख सगळी आत्याकडे राहिली. फ्लॅटचे मालकही त्यातलेच. "जेवान हाय," पिशवीकडे बोट दाखवून ती म्हणाली. उसाच्या ट्रॉल्यांमागून आमची गाडी रांगत निघाली, आणि पिशवीतून दर खड्ड्याला काहीतरी लोखंडी वाजत होतं. आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

फ्लॅट चांगला होता. हेच तर वाईट होतं. एखादी खोली अंधारी निघाली असती, नळाला पाणी नसतं, तर मी सुटले असते. दुसरा मजला, तिन्ही खोल्यांत ऊन, स्वयंपाकघराच्या खिडकीतून कालव्याकडची झाडं. मुलीनं आपली खोली ठरवून दाराची कडी दोनदा लावून पाहिली. नवरा मोबाईल वर धरून रेंज बघत फिरला आणि म्हणाला, "तू म्हणशील तसं."

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि एक बाई आल्या. "नवीन का? कुठल्या तुम्ही?" मी पुणे म्हणायच्या आत आत्या म्हणाली, "कळसची हाय, माजी भाची." मग त्या बाईंची जाऊ कळसजवळची निघाली, जावेचा भाऊ आबांना ओळखणारा निघाला, आणि पाच मिनिटांत माझी आई कशानं गेली इथपर्यंत चौकशी पोचली. अकरा वर्षांत जे पुण्यात झालं नव्हतं ते चप्पल काढेपर्यंत झालं. मी हसत उभी होते आणि आतून मला पळत सुटावंसं वाटत होतं.

वळून बघते तर आत्यानं पिशवी उघडली होती. त्यातून छोट्या सिलिंडरवरची शेगडी निघाली. मग नवंकोरं स्टीलचं पातेलं, हळदीकुंकवाची डबी, आणि बाटलीभर दूध.

"आत्या, आपण बघायला आलोय," मी म्हटलं.

"मग बघ की. बघता बघता दूध तापवलं तर काय बिघडलं?"

कुठल्याही मराठी घरात हे समजावून सांगावं लागत नाही. नव्या घरात शिरताना दूध तापवतात आणि ते उतू जाऊ देतात. उतू गेलं, की घर तुमचं. बघायला आलेल्या घरात कुणी दूध उतू जाऊ देत नाही. आत्याला हे माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी टोपी सारखी केली. हे दोघांचं संगनमत होतं, आणि मला भयंकर राग आला. तोंड उघडलं असतं तर शेजारच्या बाईंसमोर तमाशा झाला असता.

"पूर्व कुटं?" आबांनी विचारलं. कुणी सांगायच्या आत ते खिडकीशी गेले, ऊन कुठल्या गालावर लागतंय ते बघितलं, अजून सकाळचे अकराही वाजले नव्हते, आणि हात करून म्हणाले, "हितं. हिकडं तोंड करून ठेव."

आत्यानं शेगडीला हळदकुंकू लावलं. दूध ओतलं. मला म्हणाली, "लाव तू." मी काडी ओढली. माझा राग तसाच होता, पण दूध तापत ठेवलं की माणूस त्याच्याकडे बघतो, तशी सगळीच बघायला लागली. मुलीनं मोबाईल धरून शूटिंग सुरू केलं. शेजारच्या बाई हात जोडून उभ्या. मी शेगडीच्या सगळ्यात जवळ होते. कडेला बारीक बुडबुडे आले. मग मधली साय थरथरली, फुगली, आणि दूध एकदम काठापर्यंत वर आलं.

आणि माझा हात गेला. खट् करून मी गॅस बंद केला.

दूध खाली बसलं. एक थेंब सांडला नाही.

कुणाला काही कळेना. मुलगी म्हणाली, "आई, काय केलंस?" नवऱ्याला हसू आलं, ते त्यानं गिळलं. आत्यानं पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "होतं असं," आणि आपल्या घरात निघून गेल्या. त्या काही बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं.

"पेटव परत," आत्या म्हणाली. "गरमच हाय, लगीच यील वर."

मी काडेपेटी उचलली. तेव्हा आबा बोलले. ते खिडकीपाशीच होते. काय झालं ते त्यांना दिसलं नव्हतं, पण ऐकू आलं होतं. वर येणाऱ्या दुधाचा आवाज, खटका, आणि मग काहीच नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तिनं बंद केलंय."

"आबा, सवय हो ती. रोज सकाळी तेच करते मी."

"व्हय, सवयच. पर तिला न ईचारता आपुन हे मांडलं, ती चूक आपली. सोड आता. भूक लागलीय."

ते रागानं म्हणाले असते तर मला सोसलं असतं. ते अगदी साधं बोलले, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून घडी करून खिशात ठेवली.

आम्ही फरशीवर वर्तमानपत्र पसरून जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, दहीभात. कुणी दुधाचा विषय काढला नाही. आत्यानं तर त्या पातेल्याकडे पाठ करून बसणं पसंत केलं. मी जेवताना एकच गोष्ट घोळवत होते. सवयीनं हात गेला म्हणावं, तर ते खरं होतं. तीस वर्षं उतू जाणारं दूध वाचवण्यात गेली. पण हात जायच्या आधी, दूध काठाला आलं त्या क्षणी, माझ्या डोळ्यांसमोर शेजारच्या बाईंचं दार होतं, आणि रोज सकाळी त्या दारातून येणारे प्रश्न होते. मग तो हात सवयीचा की माझा?

जेवणानंतर आम्ही खाली पार्किंग आणि पाण्याची टाकी बघायला गेलो. आबा म्हणाले, "मी पाठ टेकतो जरा." वर आलो तर ते भिंतीला टेकून बसले होते. आत्या शेगडी उचलायला तयार नव्हती. "ऱ्हाऊ दे हितंच. सिलिंडर परत मांडीवर घेऊन मी बसायची न्हाय," ती फुरंगटून म्हणाली. कुलूप मी लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये गेली.

आत्याला सोडलं, आबांना सोडलं. आबा उतरताना म्हणाले, "नीट जावा." त्यांच्या खांद्यावर टॉवेल नव्हता, पण तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. डोळ्यांत थेंब मी घातले आणि निघाले.

भिगवणला दिवेलागणीला आम्ही चिलापी खायला थांबलो. मासा येईपर्यंत मी जाहीर केलं, की आपण येत नाही आहोत. आता तर ते घरही आपल्याला नको म्हणालंय. नवरा म्हणाला, "घर म्हणालं की तू?" पहिल्यांदाच त्यानं विरुद्ध बाजू घेतली. तेवढ्यात आबांचा फोन आला.

"पोचला का?"

"भिगवणला आहोत."

"बरं. आगं, ते पातेलं ऱ्हायलं तितं."

"राहू द्या आबा. आत्या आणेल कधीतरी."

"आत्याकडं किल्ली कुटं हाय? किल्ली तुज्याकडं." मग जरा थांबून म्हणाले, "त्यात मी दही लावलंय. दहीभातातलं घिऊन. दूध वाया कशाला घालवायचं. उद्या सकाळपर्यंत लागंल. दुपारनंतर आंबट व्हईल."

"मग?"

"मग काय. सांगितलं आपलं."

फोन ठेवल्यावर मासा समोर आला. मी तो खाल्ला की नाही ते आठवत नाही.

रविवारी सकाळी मी स्वारगेटहून एकटीच बारामतीच्या एसटीत बसले. नवऱ्यानं विचारलं, "ठरलं का काही?" मी म्हटलं, "काही ठरलेलं नाही. पातेलं आणायला चालले आहे." शंभर किलोमीटर एका पातेल्यासाठी. त्यालाही कळलं असणार, पण तो 'तू म्हणशील तसं' म्हणाला नाही. त्यानं मला पाण्याची बाटली दिली. गाडीत मी तीन वेळा ठरवलं की यायचं आणि चार वेळा ठरवलं की नाही. जेजुरी मागे गेल्यावर मोजणं सोडून दिलं.

फ्लॅट उघडला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वारं लागणार नाही अशा जागी, आबांचा टॉवेल गुंडाळून पातेलं ठेवलेलं होतं. वर झाकण, झाकणावर आत्याच्या डब्याचं ताट. ज्या माणसाला क्रेटमधला काळा चट्टा दिसत नाही, त्यानं परक्या घरात एकट्यानं चाचपडत हे सगळं केलं होतं. मी गाठ सोडली. दही घट्ट लागलं होतं, अगदी आईच्यासारखं. चमचा नव्हता. ओट्याशी उभी राहून मी हातानंच खाल्लं. आंबट अजिबात नव्हतं. खाता खाता मला रडू आलं, आणि रडताना माणूस दही खाऊ शकत नाही, म्हणून मी थांबले.

तळाशी चमचाभर उरलं. आमच्या घरात दह्याचं भांडं कधी पूर्ण पुसून खात नाहीत. चमचाभर ठेवायचं, पुढच्या विरजणाला. माझ्या हातानं ते आपोआप झाकणात काढून ठेवलं. आणि मग मी त्या झाकणाकडे बघत बसले, कारण विरजण ठेवलं म्हणजे दूध आणायला हवं.

खाली कोपऱ्यावर दुकान होतं. पिशवी देताना दुकानदार म्हणाला, "नवीन आलाय जणू. रोज टाकू का वर?"

"अजून ठरलं नाही."

"बरं. ठरलं की सांगा. कुठल्या तुमी?"

कालचाच प्रश्न. काल त्यानंच मला पळावंसं वाटलं होतं. पुण्याची, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "कळसची." वर आबांचं नावही सांगितलं, त्यानं विचारलं नव्हतं तरी. त्यानं मान डोलावली. "मग घरचीच की," म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. एवढंच.

वर येऊन पातेलं विसळलं, दूध ओतलं, शेगडी पेटवली. घरात कुणी नव्हतं. हळदकुंकू नव्हतं, शूटिंग नव्हतं. शेगडीचं तोंड पूर्वेला होतं ते काल आबांनी सांगितल्यापासून तसंच, मी काही हलवलं नव्हतं. बुडबुडे आले. साय थरथरली. दूध फुगून वर यायला लागलं आणि माझा उजवा हात पुढे गेला. गेलाच. मी तो डाव्या हातानं धरला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. लहानपणी शाळेत शिक्षा व्हायची तशी उभी राहिले. माझं मन काय म्हणत होतं, विचारू नका. ते पुणंही म्हणत होतं आणि कळसही म्हणत होतं, दोन्ही एकाच वेळी. पण हात मी सोडले नाहीत.

दूध काठावरून गेलं. चर्र झालं, जळका वास सुटला, ज्योत विझली. मग मी कॉक बंद केला. शेगडीवरून ओघळ ओट्यावर आला आणि तिथून खाली.

आबांना फोन लावला. ते शेडमध्ये होते. मागे डाळिंबाच्या टिचक्या ऐकू येत होत्या.

"दही चांगलं लागलंय आबा. आंबट न्हाय झालं."

"खाल्लंस?"

"खाल्लं. चमचाभर ठेवलंय. दूध आणलं विरजायला." टिचक्या चालू होत्या. "तापवताना उतू गेलं."

टिचक्या थांबल्या.

"तुजा हात कुटं व्हता?" आबांनी विचारलं.

"पाठीमागं."

ते म्हणाले, "बरं." मग घसा खाकरला. "वल्या फडक्यानं लगीच पुसून घे. मुंग्या येत्यात."

रिकाम्या घरात फडकं कुठलं. त्यांचा टॉवेल होता, त्यानंच पुसलं.